शत्रूला दारातच अडविणारी लस

स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी घेतला तो ३ ऑगस्ट २००९ रोजी, पुण्यात. त्यानंतरचे काही आठवडे त्या शहराने कसे काढले, हे अजून अनेकांच्या स्मरणात आहे. शाळा-महाविद्यालये बंद, चित्रपटगृहे बंद, रस्त्यांवर तोंडाला रुमाल बांधलेले चेहरे आणि तपासणी केंद्रांबाहेर लागलेल्या रांगा! ऐन तोंडावर आलेल्या गणेशोत्सवावरही भीतीचे सावट पसरले होते. त्याच पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने वर्षभराच्या आत 'नॅसोव्हॅक' ही नाकात फवारण्याची लस सिद्ध केली आणि जुलै २०१० मध्ये ती बाजारात आणली. विकसनशील म्हणविल्या जाणाऱ्या देशातील एका कंपनीने इतक्या अल्पावधीत साधलेले हे यश निःसंशय अभिमानास्पद होते. परंतु पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्ट २०१० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ संपल्याचे घोषित केले. लोकांची भीती ओसरली आणि भीतीबरोबर लशीविषयीची आस्थाही ओसरली.

विषाणू मात्र कोठेही गेला नव्हता. २०१५ मध्ये त्याच स्वाइन फ्लूचे देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ३ हजार माणसे दगावली. साथ आली की धावाधाव आणि साथ सरली की विस्मरण, या आपल्या राष्ट्रीय सवयीची किंमत किती मोठी असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता द्यावा? आज इन्फ्लुएन्झाच्या नासिकामार्गी लशीला अतिसूक्ष्म कणांचे, म्हणजे नॅनो कणांचे, वाहन देण्याचे प्रयत्न जगभरातील प्रयोगशाळांत चालू आहेत. या प्रयत्नांत भारत कोठे उभा राहणार, हा प्रश्न म्हणूनच शास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही. तो राष्ट्रीय धोरणाचा प्रश्न आहे.

नाकच कशासाठी?

इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो. त्याची पहिली वस्ती नाक व घसा यांच्या ओलसर अस्तरावर असते. तेथे तो वाढतो, तेथूनच शिंकेवाटे व खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जातो आणि संधी मिळाली की फुप्फुसात उतरतो. दंडात टोचलेली लस प्रामुख्याने रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे फुप्फुसाचे रक्षण बऱ्यापैकी करतात आणि आजाराची तीव्रता कमी करतात. तथापि नाकाच्या अस्तरावर त्यांची संख्या तोकडी पडते. लस टोचून घेतलेला मनुष्य स्वतः वाचतो, पण कित्येकदा घरातल्या वृद्धांना आजार देऊन जातो, तो यामुळेच. शत्रू दारातून आत येऊन अंगणात वावरत असताना सारे सैन्य माजघरात बसवून ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

नाकाच्या अस्तराला स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे. 'आयजीए' या नावाने ओळखली जाणारी प्रतिपिंडे तेथील स्रावात मिसळतात आणि विषाणूला पेशीला चिकटण्यापूर्वीच गाठतात. ती तेथे मुबलक निर्माण व्हावयाची, तर लशीची ओळखही तेथेच व्हावयास हवी. नाकावाटे लस देण्यामागील शास्त्रीय भूमिका ही अशी सरळ आहे. सुई नको, टोचणारा प्रशिक्षित हात नको, वापरलेल्या सुयांच्या विल्हेवाटीची चिंता नको, हे तिचे व्यावहारिक लाभ. ज्या देशात कोट्यवधी लोकांना अल्पावधीत लस देण्याचा प्रसंग येऊ शकतो, त्या देशाला हे लाभ क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही.

नाकावाटे औषध देणे भारतीय मनाला अपरिचितही नाही. आयुर्वेदाच्या पंचकर्मांत नस्याला स्थान आहे. अर्थात नस्य म्हणजे लस नव्हे आणि प्राचीनांनी सारे काही शोधून ठेवले होते, असे म्हणून स्वस्थ बसणे हा परंपरेचा गौरवही नव्हे. मात्र ज्या समाजाला हा मार्ग पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, त्याने त्याचे आधुनिक शास्त्र इतरांकडून उसने घ्यावे, हेही शोभणारे नाही.

जिवंत लशीची मर्यादा

आज वापरात असलेल्या इन्फ्लुएन्झाच्या नासिकामार्गी लशी या जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूच्या आहेत. अमेरिकेत २००३ साली परवाना मिळालेली 'फ्लूमिस्ट' ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पुण्याच्या 'नॅसोव्हॅक'चे बीज रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या संशोधकांचे. तेथे अनेक दशकांच्या श्रमाने थंड तापमानाला रुळविलेला विषाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतात आला. असा विषाणू नाकाच्या थंडाव्यात वाढतो, परंतु फुप्फुसाच्या उष्णतेत त्याची वाढ खुंटते. कल्पना मोठी चतुर आहे आणि कोंबडीच्या एका अंड्यातून टोचण्याच्या लशीपेक्षा तिच्या कितीतरी अधिक मात्रा निघतात, हाही तिचा मोठा गुण.

परंतु या लशीचे सारे यश एका अटीवर अवलंबून असते. तो दुर्बल विषाणू नाकात पुरेसा वाढला पाहिजे. तो वाढला नाही, तर प्रतिकारशक्ती जागी होत नाही. ही अट किती बेभरवशाची आहे, हे २०१३ साली दिसून आले. 'नॅसोव्हॅक'च्याच हंगामी आवृत्तीच्या दोन चाचण्या त्या वर्षी लहान मुलांवर घेण्यात आल्या. बांगलादेशात तिने सुमारे ५७ टक्के संरक्षण दिले. आफ्रिकेतील सेनेगलमध्ये मात्र तिचा काहीही उपयोग दिसला नाही! कंपनी तीच, लस तीच, वर्ष तेच, आणि निकाल दोन टोकांचे. अमेरिकेतही 'फ्लूमिस्ट'चा स्वाइन फ्लूच्या विषाणूविरुद्धचा घटक कमकुवत ठरला आणि २०१६ साली तेथील तज्ज्ञ समितीने ती लस न वापरण्याचा सल्ला दिला. घटक बदलल्यानंतर, २०१८-१९ च्या हंगामापासून, तिला पुन्हा स्थान मिळाले.

दुसरी मर्यादा वयाची. जन्मभरात अनेकदा फ्लू होऊन गेलेल्या प्रौढांच्या नाकात त्या दुर्बल विषाणूला आधीच विरोध असतो, त्यामुळे तो तेथे रुजत नाही. अमेरिकेत ही लस ४९ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींसाठीच मान्य आहे. जिवंत विषाणू असल्याने गर्भवतींना व प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांनाही ती देत नाहीत. म्हणजे ज्यांना फ्लूपासून सर्वाधिक धोका, तो वृद्ध, ती गर्भवती, तो कर्करोगाचा रुग्ण, नेमके तेच या लशीपासून वंचित! येथेच नॅनो कणांचा विचार सुरू होतो.

कण कोणते काम करतो?

निर्जीव विषाणूचा अथवा त्याच्या एखाद्या प्रथिनाचा थेंब नुसताच नाकात सोडला, तर फारसे काही घडत नाही. नाकाचे अस्तर श्लेष्माच्या थराने झाकलेले असते आणि त्याखालील सूक्ष्म रोमके हा थर सतत घशाकडे ढकलीत असतात. बाहेरून आलेल्या पदार्थाचा निम्मा भाग साधारण १५ ते २० मिनिटांत तेथून वाहून जातो. धूळ, परागकण, जंतू यांच्यापासून माणसाचे रक्षण करणारी ही व्यवस्था लशीलाही धूळच समजते. जे थोडे प्रथिन उरते, त्याला तेथील विकरे तोडतात. त्यातूनही जे वाचते, त्याला प्रतिकारसंस्था ओळख देत नाही, कारण श्वासाबरोबर येणाऱ्या प्रत्येक निरुपद्रवी पदार्थावर धावून न जाण्याची तिला सवयच असते.

या तिन्ही अडचणींवर अतिसूक्ष्म कण उपाय सुचवितात. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाडीचा असतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. त्याच आकाराचा, पण रोग निर्माण करण्याची शक्ती नसलेला कण तयार करावा, विषाणूची प्रथिने त्याच्या पोटात भरावीत वा पाठीवर ओळीने बसवावीत आणि तो नाकात फवारावा, अशी ही योजना आहे. कणाच्या आश्रयाने प्रथिन टिकते. विषाणूएवढ्याच आकारामुळे, नाकाच्या मागील भागातील ज्या खास पेशी बाहेरचे नमुने उचलून प्रतिकारसंस्थेपुढे मांडतात, त्या पेशी अशा कणालाही उचलतात. आणि एकच प्रथिन पृष्ठभागावर ओळीने अनेकदा दिसले की, प्रतिकारसंस्थेला तो विषाणूच वाटतो. कणाला जगण्याची वा वाढण्याची गरज नाही. सेनेगलमध्ये जी अट आड आली असावी असे मानले जाते, ती अटच येथे उरत नाही.

कण कशाचा करावा, याविषयी संशोधकांत दोन मते आहेत. पहिले मत चिकटून राहण्याचे. कोळंबी व खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसन हा पदार्थ धनभारित असतो. श्लेष्मा ऋणभारित असल्याने तो त्याला धरून राहतो आणि अस्तराच्या पेशींमधील सांधेही काही काळ सैल करतो. दुसरे मत निसटून जाण्याचे. कणावर विशिष्ट बहुवारिकाचा गुळगुळीत लेप दिला, तर तो श्लेष्म्याच्या जाळीत न अडकता पलीकडे पोहोचतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सोयाबीन तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचे पायस फ्लूच्या लशीत मिसळून नाकावाटे देण्याचा प्रयोग माणसांवरील पहिल्या टप्प्यापर्यंत गेला. टेक्सास टेक विद्यापीठात सोन्याच्या कणांवर, तर जॉर्जिया स्टेट विद्यापीठात केवळ प्रथिनांच्याच कणांवर काम झाले. या दोन्ही ठिकाणी विषाणूच्या फारशा न बदलणाऱ्या भागाची निवड करण्यात आली. हा भाग दरवर्षी रूप पालटीत नसल्याने त्यावर आधारलेली लस दरवर्षी बदलावी लागणार नाही, अशी त्यामागील आशा. उंदरांवरील निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. पण उंदराचे नाक म्हणजे माणसाचे नाक नव्हे, हे लक्षात ठेवलेले बरे. या प्रकारच्या एकाही फ्लू लशीला आज जगात कोठे बाजारपेठेचा परवाना नाही.

स्वित्झर्लंडचा धडा

तो का नाही, याचे एक उत्तर स्वित्झर्लंडमध्ये मिळते. २००० सालच्या हिवाळ्यात तेथे 'नेझलफ्लू' नावाची लस विक्रीस आली. तिच्यात फ्लूच्या विषाणूची प्रथिने मेदाच्या सूक्ष्म गोळीवर बसविलेली होती. म्हणजे आजच्या नॅनो लशीची ती थोरली बहीणच. नाकातील प्रतिकारसंस्था निद्रिस्त राहू नये म्हणून तिच्यात आतड्यातील एका जिवाणूच्या विषाचा अल्प अंशही मिसळलेला होता. परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत काही गंभीर आढळले नाही. मात्र लस हजारो लोकांपर्यंत गेल्यावर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पुढे झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये हा विकार इतरांच्या अनेक पटींनी आढळला. लस बाजारातून परत घ्यावी लागली. संशयाची सुई कणाकडे न वळता त्या विषाकडे वळली. पण त्यामुळे नासिकामार्गी लशींविषयी जो संशय निर्माण झाला, तो पुढे अनेक वर्षे टिकला.

नाक मेंदूच्या निकट आहे. गंधाच्या मज्जातंतूंची टोके त्याच्या छतापर्यंत उतरलेली असतात. जो कण अस्तर ओलांडून जाण्याइतका चतुर आहे, तो कोठवर जाईल आणि तेथे किती काळ राहील, हे विचारणे म्हणजे विज्ञानविरोध नव्हे. सोन्याचा कण शरीरात विरघळत नाही, कायटोसन वा मेद कालांतराने विरघळतात. निवड करताना हा भेद निर्णायक ठरला पाहिजे. वेगाने मिळविलेली मान्यता हा पराक्रम मानण्याच्या काळात हे सांगणे अप्रिय वाटेल. तरीही ते सांगितलेच पाहिजे, कारण निरोगी माणसाला दिल्या जाणाऱ्या औषधात एक चूकही शंभर यशांवर पाणी फिरविते.

याच्या विरुद्ध टोकाचाही एक आक्षेप आहे. क्षयरोग, कुपोषण, दूषित पाणी हे प्रश्न दारात उभे असताना सर्दी-तापाच्या लशीसाठी नॅनो तंत्रज्ञानाचे कौतुक कशाला, असे विचारले जाते. फ्लू म्हणजे किरकोळ सर्दी, या समजुतीत त्याचे मूळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी इन्फ्लुएन्झामुळे होणाऱ्या श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे मरतात. महासाथीचे वर्ष आले, तर हिशेबच वेगळा. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतून देशात शिरलेल्या फ्लूने हिंदुस्थानात निदान १ कोटी २० लाख माणसे नेली, असे इतिहासकार मानतात. दारिद्र्य, दुष्काळ आणि परकीय सरकारची अनास्था यांनी त्या संहारात भर घातली, हे खरे. पण त्या वेळी देशाच्या हाती लस नव्हती, हेही तितकेच खरे. शिवाय नाकावाटे प्रथिन पोहोचविण्याची ही विद्या एकदा हस्तगत झाली की, ती फ्लूपुरती राहणार नाही. श्वसनमार्गाने येणाऱ्या इतर रोगांनाही ती लागू पडेल.

सामर्थ्य आहे, सातत्य हवे

या कामी भारताजवळ काय नाही? पुणे या एकाच शहराचा विचार केला तरी पुरे. १९५२ मध्ये स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था तेथे आहे. बहुवारिकांच्या रसायनात निष्णात असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे आणि मात्रांच्या संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी लस उत्पादक कंपनीही आहे. विषाणू ओळखणारे, कण घडविणारे, पेशी जाणणारे आणि लस बनविणारे असे सारे घटक एका शहरात नांदत असल्याची उदाहरणे जगात थोडी सापडतील. कोळंबीच्या कवचापासून कायटिन व कायटोसन काढण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कधीच विकसित केले आहे. किनाऱ्यावर टाकाऊ म्हणून फेकले जाणारे कवच औषधी शुद्धतेपर्यंत नेणे कष्टाचे असेल, पण परदेशातून आणण्याची वस्तू ती नव्हे.

निधीचीही सुरुवात झाली होती. केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपयांचे 'नॅनो मिशन' हाती घेतले. त्यातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शोधनिबंध निघाले. परंतु शोधनिबंध आणि लशीची कुपी यांच्यामध्ये प्राण्यांवरील विषपरीक्षा, एकसारखे कण मोठ्या प्रमाणावर बनविण्याचे तंत्र आणि माणसांवरील तीन टप्प्यांच्या चाचण्या असा लांबलचक प्रवास असतो. विद्यापीठाला तो परवडत नाही आणि बाजाराची खात्री नसलेल्या उद्योगाला त्यात रस नसतो. भारतीय संशोधन बहुधा या वाळवंटातच लुप्त होते.

बाजाराची खात्री का नाही, याचे उत्तर करोनाकाळातील अनुभवात आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकने अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने 'इन्कोव्हॅक' ही करोनाविरोधी नासिकामार्गी लस तयार केली. २६ जानेवारी २०२३ रोजी, प्रजासत्ताक दिनी, तिचे लोकार्पण झाले. तोवर बहुतेकांनी दंडात लस टोचून घेतली होती आणि साथही मंदावली होती. २०१० चीच ही पुनरावृत्ती नव्हे काय? दोन्ही वेळा भारतीय शास्त्रज्ञ व उद्योजक कसोटीला उतरले. दोन्ही वेळा कमी पडली ती साथीपूर्वीची तयारी.

म्हणून करावयाचे ते साथ नसताना केले पाहिजे. नासिकामार्गी लशीच्या वाहनांवर दहा वर्षे अखंड चालणारा, मंत्री वा सचिव बदलल्याने न थांबणारा कार्यक्रम हवा. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाला तो हाती घेता येईल. चाचण्यांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लोकांसमोर यावेत. सेनेगलचे अपयश प्रसिद्ध झाले म्हणूनच त्यातून जगाला शिकता आले. आणि सरकारने खरेदीची हमी द्यावी. इन्फ्लुएन्झाची लस आजही देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. आरोग्य कर्मचारी, गर्भवती आणि साठीपुढील नागरिक यांच्यापासून जरी आरंभ केला, तरी उत्पादकाला दरवर्षीची निश्चित मागणी दिसेल आणि कारखाना चालू राहील. चालू असलेला कारखानाच महासाथीत कामास येतो. कुलूप लावलेला येत नाही.

भारतात फ्लूचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यात व दुसरा हिवाळ्याच्या अखेरीस. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यासाठी आखलेले वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालत नाही. येथील उष्ण-दमट हवेत टिकणारी, शीतपेटीवर कमी विसंबणारी आणि वृद्धांनाही चालणारी लस परदेशी कंपन्या भारतासाठी मुद्दाम बनवतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ज्याचे घर, त्यानेच त्याचे दार राखावयाचे असते. पुढची महासाथ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. ती येईल तेव्हा देश लस शोधीत बसलेला असेल की लस देत असेल, हे मात्र आजच्या निर्णयांवर ठरणार आहे.